पेन्शन सेफ आहे म्हणता, पण दुधाचं काय? पीएफच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय विश्वस्त मंडळ,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी चिंचवडला राहते आणि भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत गेली पंधरा-सोळा वर्षं पेरोल बघते. म्हणजे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत ईसीआर (कोणाचे किती कापले त्याची महिन्याची यादी) अपलोड करून चलन भरणारी, आणि उरलेला महिनाभर "मॅडम माझा क्लेम रिजेक्ट का झाला" हे ऐकणारी जी बाई प्रत्येक कंपनीत असते ना, ती मी. तुमची माझी भेट कधी झालेली नाही पण तुमचं पोर्टल मी घरच्या माणसांपेक्षा जास्त बघते, त्यामुळे थोडं हक्काने लिहितेय.

माझे बाबा याच पट्ट्यात एका फाउंड्रीत होते, १९७८ ला लागले आणि मार्च २०११ ला ५८ पूर्ण झाल्यावर सुटले. त्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या १९९५ च्या पेन्शन स्कीमची, पेन्शन बसली १,८१२ रुपये. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, बाबा पण हसले, म्हणाले चला, दुधाचा खर्च निघाला. खरं तर तेव्हा निघून उरत होते. आमच्याकडे रोज एक लिटर गायीचं दूध, लिटरला तीसच्या आतबाहेर, म्हणजे महिन्याचे नऊशे. निम्मी पेन्शन. आई अजूनही कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते, ज्या दिवशी आलं नाही तिथे फुली, आणि महिनाअखेरीला पेन्सिलीने बेरीज. परवा मी तिचं कॅलेंडर बघत होते, लिटर ६० रुपये, दोन खाडे वजा करून बिल १,७४०. बाबांची पेन्शन आजही १,८१२ च आहे. पंधरा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे नाही. पूर्वी दूध घेऊन नऊशे उरायचे, आता बहात्तर उरतात, आणि खाडा नसलेला तीस दिवसांचा महिना असला की बारा.

हे रडगाणं नाहीये, प्लीज तसं वाचू नका. मुलं कमावती आहेत, बाबांचं अडत नाही. मला बोलायचंय ते जोखमीबद्दल. कारण तुमच्याकडून, तुमच्या अधिकाऱ्यांकडून, आमच्या कंपनीत येणाऱ्या कन्सल्टंटकडून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते: "पीएफ-पेन्शन म्हणजे शंभर टक्के सेफ, यात रिस्कच नाही." अहो रिस्क आहे. फक्त ती शेअर बाजारातली नाही म्हणून तुम्हाला ती दिसत नाही किंवा दिसली तरी मोजत नाही. दर महिन्याला आकडा तोच यावा याची हमी तुम्ही घेतली, आणि त्या आकड्यात काय येणार ही सगळी जोखीम बाबांच्या अंगावर ढकलली. महागाईची जोखीम घ्यायला सगळ्यात कमी ताकद कोणाची? ज्याचं वय त्र्याहत्तर आहे आणि ज्याला आता ओव्हरटाइम करता येत नाही त्याची. आणि ती घेतोय पण तोच.

आता तुम्ही म्हणाल की स्कीममध्ये महागाई भत्ता नाहीच, नियमच तसा आहे. बरोबर. पण सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत याच स्कीमने चार वेळा पेन्शन वाढवून दिली होती, ४ टक्के, ५.५ टक्के अशी, तिला रिलीफ म्हणायचे. दरवर्षी ॲक्च्युअरीने (असे हिशोब मांडणारा तज्ज्ञ) फंडाचा हिशोब करायचा आणि परवडत असेल तर वाढ द्यायची अशी रचना होती. २००० नंतर ते थांबलं ते थांबलंच. म्हणजे वाढ देताच येत नाही अशी काही दगडावरची रेघ नव्हती. फंडात तूट आहे म्हणून देत नाही हे उत्तर मला माहिती आहे, संसदेत दर वेळी तेच दिलं जातं. ठीक आहे, तूट असेल. पण तूट आली की ती कोणी भरायची याचं तुमचं उत्तर ठरलेलं दिसतं, पेन्शनरने, दर महिन्याला थोडी थोडी, स्वतःला कळणार पण नाही अशा बेताने.

२००८ मध्ये पेन्शन विकून एकरकमी घ्यायची सोय बंद केली, आणि भांडवल परत मिळायचा पर्याय होता तोही काढला. २०१४ ला सरासरी पगार शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांचा धरायला लागलात, म्हणजे पेन्शन अजून खाली. त्याच वर्षी किमान पेन्शन १,००० केली, त्याचं तेव्हा कौतुक झालं आणि व्हायलाच पाहिजे होतं, पण ते हजार अजून हजारच आहेत. उद्या बाबांना काही झालं (देव करो न होवो) तर आईला निम्मी, म्हणजे ९०६ रुपये, आणि किमान हजाराचा नियम आहे म्हणून हजार. सोळा-सतरा दिवसांचं दूध.

बुलढाण्यात ईपीएसवाल्या पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केलं, ७,५०० आणि वर महागाई भत्ता मागतायत. त्यात एसटीतून रिटायर झालेले आहेत, साखर कारखान्यातले आहेत, सहकारी संस्थांतले आहेत. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत आठवडाभर महाराष्ट्र थांबवला, सरकारने कमिटी नेमली, पुढच्या दीड वर्षात त्यांना पगाराच्या ५० टक्के पेन्शनची हमी मिळायचा रस्ता झाला. चांगलं झालं, माझी मावशी झेडपीत शिक्षिका आहे, तिच्या बाजूने मी खूश आहे. पण सत्तरीतल्या माणसांनी संप करून काय बंद पाडायचं? तुमच्या मंडळात कामगारांचे १० प्रतिनिधी आहेत, मालकांचे १०, राज्यांचे १५, केंद्राचे ५. यातला एकही पेन्शनर म्हणून बसत नाही. मला वाटतं अर्धी गोष्ट तिथेच आहे.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण हिशोब मी रोज करते त्यामुळे भावनेपेक्षा आकड्यात बोललेलं बरं.

आमच्याकडचा नवीन मुलगा धरा, बेसिक आणि डीए मिळून १५,०००. त्याचे कापले जातात १२ टक्के, १,८०० रुपये, ते सगळे पीएफला. कंपनीचे पण १,८००, पण त्यातले १,२५० जातात पेन्शन स्कीमला आणि फक्त ५५० पीएफला. वरून केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं, १७४ रुपये, ते पण पेन्शनला. बहुतेक मुलांना हे माहितीच नसतं. त्यांना वाटतं कंपनीचे सगळे १,८०० आपल्या खात्यात, आणि पासबुकमध्ये ५५० दिसले की माझ्याकडे येतात, कंपनी खाते का मॅडम बाकीचे. मग मी समजावते की बाबा ते दुसऱ्या डब्यात जातात.

त्या दुसऱ्या डब्याचं काय होतं बघा. मुलगा २५ व्या वर्षी लागला आणि ५८ ला सुटला, सर्व्हिस ३३ वर्षं, वीसच्या वर झाली म्हणून दोन वर्षं बोनस, झाली ३५. तुमचा फॉर्म्युला पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पंधरा हजाराची मर्यादा तशीच राहिली असं धरलं तर ७,५०० रुपये महिना. आता तेच १,२५० रुपये ३३ वर्षं त्याच्या पीएफ खात्यातच गेले असते आणि तुमचाच चालू दर ८.२५ टक्के मिळाला असता तर मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं, चोवीस लाखांच्या जवळ होतात. चोवीस लाखांवर वर्षाला ९०,००० (७,५०० गुणिले १२) म्हणजे पावणेचार टक्के. साधी बँकेची एफडी साडेसहा टक्क्याने केली तरी महिन्याला तेरा हजारांच्या जवळ व्याज, आणि मुद्दल पोराबाळांना शिल्लक. इथे मुद्दल गायब. सरकारचे १७४ तर मी धरलेच नाहीत.

मला लगेच कोणीतरी सांगेल की मॅडम हे फक्त सेव्हिंग नाही, यात विमा आहे. हो, आहे, आणि ते मी नाकारत नाही उलट सगळ्यांना सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक पोरगा, जेमतेम २९ चा, नाशिक हायवेला गाडीवर अपघातात गेला. सर्व्हिस पावणेतीन वर्षं. त्याच्या बायकोला विधवा पेन्शन सुरू झाली, मुलीला २५ वर्षांची होईपर्यंत वेगळी, आणि ईडीएलआयचे, म्हणजे पीएफबरोबरच्या विम्याचे, पैसे आले. ती फॉर्मवर सही करायला आली होती, मुलगी कडेवर, आणि मला विचारत होती की ताई हे किती दिवस मिळणार. मी म्हटलं तुमचं आयुष्यभर. तिला दोनदा सांगावं लागलं. त्या दिवशी मला या स्कीमबद्दल जे वाटलं ते मी खोटं नाही म्हणणार. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हे मिळतं, कुठलीही विमा कंपनी असं देणार नाही.

पण मग तेच सांगा ना! त्या १,२५० मधले किती विम्याला जातात, किती म्हातारपणाच्या पेन्शनला, किती जुन्या तुटीला, हे सभासदाला एका ओळीत कधी सांगितलंय का तुम्ही? विमा चांगला आहे म्हणून बाकीच्याचा भाव विचारायचा नाही असं तर नसतं. किराणा दुकानात पण आपण म्हणतो की भाऊ पिशवीचे किती लावले.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो टेबल डी चा. ज्यांची सर्व्हिस दहा वर्षांच्या आत आहे आणि नोकरी सुटली त्यांना पेन्शनचे पैसे काढता येतात, फॉर्म १०सी भरून, आणि किती मिळणार ते या तक्त्यावरून. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवरची पोरं असतात, सात वर्षं, आठ वर्षं, मग ठेकेदार बदलतो, मग गावाला घर बांधायचं असतं किंवा बहिणीचं लग्न. "ताई, पेन्शनचे काढून द्या." मी प्रत्येक वेळी सांगते, काढू नको, स्कीम सर्टिफिकेट घे, पुढच्या नोकरीत सर्व्हिस जोडली जाईल, दहा वर्षं झाली की आयुष्यभराची पेन्शन. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो ते बरोबर आहे ताई पण काढाच. गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक जण, पूर्ण नऊ वर्षं झालेली. नऊ वर्षांना तुमचा तक्ता म्हणतो ९.३३, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ९.३३ पट. पंधरा हजाराने १,३९,९५० रुपये. मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटरवर १,२५० गुणिले १०८ महिने केलं, १,३५,०००. नऊ वर्षांचं व्याज, ४,९५० रुपये. तेच पीएफमध्ये असते तर दोन लाखाच्या जवळ झाले असते.

तो पोरगा दहावी नापास आहे पण त्याने मला लगेच विचारलं, ताई बाकीचे साठ हजार कुठे गेले?

मी काय सांगू, तुम्हीच सांगा. तेवढ्याची विम्याची किंमत होती म्हणू? असेल तर तसं लिहा तक्त्याच्या खाली. नसेल तर ते पैसे कोणाच्या पेन्शनमध्ये गेले ते लिहा. माझा अंदाज असा की सोडून जाणाऱ्या गरीब पोरांच्या पैशावर राहणाऱ्यांची पेन्शन थोडीफार उभी आहे, आणि हे कोणी मोठ्याने बोलत नाही. आता ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत तुम्ही ठरवलंत की पेन्शनचे पैसे नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांत नाही, ३६ महिन्यांनी काढता येतील, म्हणजे लोक टिकतील आणि पेन्शनला पात्र होतील. हेतू मला पटतो, मी तर तेच सांगत असते पोरांना. पण त्या तीन वर्षांचं व्याज देणार का? तक्ता तोच राहिला तर तीन वर्षं थांबून त्याला तेवढेच मिळणार, आणि तोपर्यंत सिमेंटची गोणी कुठे गेलेली असेल.

आता पीएफकडे वळते, तिथे तुम्हाला शिव्या कमी आहेत.

बाबा अजून सांगतात, आमच्या वेळी बारा टक्के व्याज होतं. खरं आहे, १९८९-९० पासून दहा-अकरा वर्षं १२ टक्के होतं. त्यांच्या हातात आलेली एकरकमी रक्कम, ज्यातून आमचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट फिटला, ती त्या बारा टक्क्यांची कमाई आहे. मग घसरत घसरत २०२१-२२ ला ८.१ टक्के, चाळीस वर्षांतला सगळ्यात कमी दर, १९७७-७८ नंतर पहिल्यांदा एवढा खाली. तेव्हा आमच्या शॉपफ्लोअरवर शिव्यांचा पाऊस पडला होता, मी तुमची बाजू घेतली होती हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. एफडी पाच-साडेपाचवर होती, सरकारी रोखेच सहा-साडेसहा द्यायला लागले तर पीएफ बारा कुठून देणार. मग २०२३-२४ ला आणि २०२४-२५ ला ८.२५ दिलंत, छान.

पण हे ८.२५ येतात कुठून ते मला अजून नीट समजलेलं नाही आणि मी हे काम रोज करते. नवीन येणाऱ्या पैशातले साधारण ८५ टक्के सरकारी रोखे आणि कर्जरोख्यांत, आणि ऑगस्ट २०१५ पासून थोडे ईटीएफमधून (निर्देशांकातले सगळे शेअर एकत्र घेणारे फंड) शेअर बाजारात, आधी ५ टक्के, मग १०, मग १५. शेअरला घाबरणारे खूप आहेत, आमचे एक सिनियर तर २०१५ ला म्हणाले होते की सरकारने आपला पैसा सट्ट्यावर लावला. मी त्यांच्या विरुद्ध आहे, पस्तीस वर्षं पडून राहणाऱ्या पैशाला थोडी इक्विटी पाहिजेच, नाहीतर महागाई खाऊन टाकते, तेच तर वर दुधाचं सांगितलं. माझी तक्रार वेगळी आहे. ईटीएफची युनिट कधी विकली, किती फायदा झाला, त्यातला किती यंदा व्याजात दिला आणि किती पुढच्या वाईट वर्षासाठी ठेवला, यातलं आमच्या पासबुकात काही येत नाही. चांगल्या वर्षी थोडं राखून वाईट वर्षी वाटणं याला माझा विरोध नाही, आमची आज्जी पण ज्वारी तशीच ठेवायची. पण आज्जीच्या कणगीत किती आहे ते घरातल्या सगळ्यांना माहिती असायचं. एनपीएसवाल्यांना (बाजाराशी जोडलेली दुसरी पेन्शन योजना) रोज एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिसते, खाली गेली तर खाली गेलेली दिसते, पोटात गोळा येतो पण कळतं. आम्हाला वर्षातून एक आकडा, तो पण जाहीर होतो कधी आणि खात्यात पडतो कधी.

२०१०-११ ची गोष्ट आठवतेय का, अचानक ९.५ टक्के व्याज जाहीर झालं, कारण व्याजाच्या सस्पेन्स अकाउंटमध्ये (हिशोब न लागलेले पैसे ठेवतात ते खातं) १,७३१ कोटी जास्तीचे सापडले म्हणे. सापडले! मी तेव्हा नवीन होते, मला भारी वाटलं होतं. आता वाटतं की घरात १,७३१ कोटी सापडणं ही आनंदाची बातमी नाहीये, ते इतकी वर्षं कोणाला माहिती नव्हते ही बातमी आहे. पुढच्या वर्षी दर परत ८.२५ वर.

आणि रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा ते २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या फायनान्स कंपनीने सगळ्यांनाच दाखवलं. ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असं रेटिंग असलेली कंपनी काही आठवड्यांत डिफॉल्टला आली, कर्ज फेडू शकली नाही, आणि तिचे रोखे घेऊन बसलेल्यांत कंपन्यांचे पीएफ ट्रस्ट (पीएफ तुमच्याकडे न भरता कंपनीच सांभाळते ते) होते, पेन्शन फंड होते. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टचे दोन हजार कोटींहून जास्त डीएचएफएलमध्ये अडकले. ते कर्मचारी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपला पीएफ एका हाउसिंग फायनान्स कंपनीत ठेवलेला होता. पुण्यात पण ज्या मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रस्ट आहेत त्यांच्या कामगारांना विचारा, ट्रस्टी कोण आहे माहितीये का, पैसा कुठे आहे माहितीये का. नियम चांगला आहे की ट्रस्टने तुमच्या दराएवढं व्याज द्यायलाच पाहिजे आणि कमी पडलं तर मालकाने भरायचं. पण मालकच बुडाला तर? त्या ट्रस्टच्या गुंतवणुकीची एक पानाची यादी, मराठीत, कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर वर्षातून एकदा लावा अशी सक्ती करायला काय खर्च येतो. तिथे किमान वेतनाचा तक्ता लावतोच की आम्ही, इन्स्पेक्टर आला की आधी तो बघतो.

जास्तीच्या पेन्शनचा तमाशा मी थोडक्यात सांगते कारण त्यावर लिहायला लागले तर हे पत्र संपणार नाही. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पूर्ण पगारावर पेन्शन घ्यायचा पर्याय द्या म्हणून. मग मुदत, मग मुदतवाढ, मग परत, शेवटी ११ जुलै २०२३. आमच्याकडचे पन्नाशीतले लोक माझ्या टेबलाशी रांगेत. "मॅडम, भरू का नको?" पीएफमधले आठ-दहा लाख, कोणाचे पंधरा, पेन्शन फंडात वळते करायचे आणि बदल्यात आयुष्यभर जास्त पेन्शन. म्हणजे हा सरळसरळ जोखमीचा सौदा आहे, किती जगणार, बायको किती लहान आहे, घरात बीपी-शुगर कोणाला, पैसे मुलांना ठेवायचे का नाही. आणि यात पण महागाई भत्ता नाही, हे किती जणांना कोणी सांगितलं? तुमचा हिशोबाचा कॅल्क्युलेटर आला तोपर्यंत मुदत संपत आलेली. मी माझ्या परीने एक एक्सेल केली, त्यात खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की हा सल्ला नाही. एका सुपरवायझरने माझ्या एक्सेलवर विश्वास ठेवून फॉर्म भरला आणि मला अजून रात्री कधीकधी वाटतं की बरोबर होतं ना. हे माझं काम नव्हतं. बाबांना तर हा पर्यायच नव्हता, सप्टेंबर २०१४ च्या आधी पर्याय न देता रिटायर झालेल्यांना कोर्टाने बाहेर ठेवलं.

चांगलं काही झालंच नाही असं नाही म्हणत. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशात कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत येते, हे मोठं काम झालंय. हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायची सक्ती गेली, कधीही द्या आणि तिथून वर्षभर चालतो. बाबांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेहतीस वर्षं वाळू आणि लोखंड हाताळून बोटं गुळगुळीत झालीत, मशीनवर सात-आठ वेळा दाबायचं, पुसायचं, परत दाबायचं, ऑपरेटर वैतागायचा, आणि बाबा ओशाळे व्हायचे जणू त्यांचीच चूक. चेहऱ्यावरून दाखला सुरू झाल्यापासून मी घरीच मोबाइलवर करते, दोन मिनिटांत. ते काम ज्याने केलं त्याला माझा नमस्कार सांगा, खरंच.

आता मागणं. फार नाही.

पेन्शनरला दरवर्षी एक कागद पाठवा, एसएमएस चालेल, त्यात दोन आकडे. तुमची पेन्शन इतकी, आणि ज्या वर्षी ती सुरू झाली त्या वर्षीच्या भावाने ती आज इतकी. बाबांच्या कागदावर १,८१२ च्या शेजारी दुसरा आकडा छापून आला ना की तुमच्याच बैठकीत कोणालातरी तो वाचावा लागेल. मी पूर्ण महागाई भत्ता मागत नाहीये कारण फंडाची स्थिती मलाही कळते, पण ते जुनं रिलीफ परत आणा, दोन टक्के आणा, परवडणार नाही त्या वर्षी का परवडत नाही ते लिहा. सरकारचे १.१६ टक्के ठरवताना कोणाला २०२६ चं दूध माहिती नव्हतं, तो आकडा काही आभाळातून आलेला नाही, तो वाढवायला सरकारला सांगणं हे तुमचंच काम आहे, तुमचे अध्यक्ष कामगार मंत्रीच असतात. टेबल डी ला निदान व्याज द्या. आणि त्या १,२५० ची फोड करून पासबुकात दाखवा, विमा इतका, पेन्शन इतकी, आमच्या पोरांना बेरीज वजाबाकी येते.

उत्तर देणार असाल तर मराठीत द्या, बाबा स्वतः वाचतात, चष्मा लावून आणि मोठ्याने, आणि आई स्वयंपाकघरातून ऐकते. यंदाचा दाखला पुढच्या महिन्यात संपतोय, तो मी करून टाकीन.

आपली,
भोसरीतली एक पेरोलवाली